तात्यांच्या गाडीतली पाठमोरी सीट

पलूस आणि आसपासच्या दहा-बारा गावांतली जी पोरं आज दप्तर घेऊन शाळेत जाताना दिसतात, त्यांतली निम्मी तरी दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आली ती माझ्या वडिलांच्या गाडीतून. हे मी बापाचं कौतुक म्हणून सांगत नाही. कौतुक करायला जावं तर ते दोन मिनिटांत असं काहीतरी बोलतात की कौतुक राहतं बाजूला आणि आमची जुंपते. पण जे आहे ते आहे.

माझे वडील म्हणजे गुंडा तात्या. फौजेत चोवीस वर्षं ड्रायव्हर, हवालदार म्हणून रिटायर झाले. लेहकडच्या घाटात बर्फावरून तीन टनी ट्रक चालवलेला माणूस. घरी आल्यावर त्यांनी चार महिने उसाला पाणी पाजलं, मग आईच्या स्वयंपाकात लक्ष घालायला लागले. डाळीला फोडणी आधी का नंतर, डबे उंचीप्रमाणं का लावले नाहीत, असलं सगळं. शेवटी आईनं हात जोडले. "आवं, कायतरी चालवा, पन माझं घर चालवू नगा!" तेव्हा त्यांनी सात सीटची पांढरी गाडी घेतली.

लग्नाची वरात, पोरांच्या सहली, असलं भाडं ते घेतच नाहीत. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे बाळंतीण. सांगलीला, मिरजेला, कराडला, कुठंही पोर झालं की घरातलं म्हातारं माणूस म्हणणार, "तात्यास्नी फोन लावा." गाडीचं नावच पडलंय बाळंतिणीची गाडी. कारण त्यांचं चालवणं. डॅशबोर्डवर त्यांनी सुताराकडून एक लाकडी कडं करून बसवलं होतं आणि त्यात पाण्यानं भरलेला तांब्या. काठाच्या बोटभर खाली पाणी. सांगली ते पलूस त्यातला एक थेंब खाली पडायचा नाही. काटा चाळीसच्या वर गेलेला मी कधी पाहिला नाही. दोन-दोन ट्रॉल्या ऊस भरलेले ट्रॅक्टरसुद्धा यांना ओलांडून जायचे, आणि ट्रॅक्टरवाला वरून वाकून विचारायचा, "काय तात्या, बंद पडली काय गाडी?" तात्या ढिम्म हलायचे नाहीत.

बाळाची जागा ठरलेली. पुढच्या सीटवर आजी, आणि आजीच्या मांडीवर बाळ. तो आजीचा मान. पुढं धक्का कमी बसतो असंही तात्या सांगायचे, आणि चोवीस वर्षं फौजेत चालवलेल्या माणसाला कोण विचारणार की बाबा, कशावरून?

मी विचारलं. माझं नाव दीपाली. रागाच्या बाबतीत मी तात्यांवर गेलेय आणि तोंडाच्या बाबतीत आईवर, त्यामुळं सासरी माझी काय ख्याती असेल ते ओळखा. माझं सासर उंब्रज. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आले होते. पलूसच्याच दवाखान्यात पोरगी झाली, नाव ठेवलं राजनंदिनी. तात्यांनी नाव ऐकलं, मान डोलावली आणि त्या दिवसापासून तिला मेजर म्हणायला लागले. सकाळी उठले की पाळण्यापुढं उभे राहून कडक सॅल्यूट. पोरगी जांभई द्यायची. तात्या म्हणायचे, "बघ, ऑफिसरच हाय. जवानाकडं ध्यान न्हाई."

पाच महिने असे गेले. आता मला आणि पोरीला उंब्रजला पोचवायचं होतं. लेक आणि नातवंड सासरी पोचवायचा मान माहेरचा. तात्यांनी महिनाभर आधी गाडी धुवायला सुरुवात केली. आणि त्याच आठवड्यात मी मागवलेलं खोकं आलं.

खोक्यात लहान बाळाची कारची सीट. मी आणि रविराजनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आठ दिवस शोधून निवडलेली. लग्नाआधी मी तीन वर्षं कुपवाडला एका कारखान्यात होते. तिथं गाड्यांचे सीट बेल्ट शिवायचे आणि माझं काम तपासणीचं. दिवसभर मशीनवर पट्टे ताणून बघायचे, टाका उसवतो का, बक्कल सुटतं का. टनाच्या हिशेबात ताण द्यायचो आम्ही. पहिल्याच दिवशी मी आमच्या सुपरवायझरना विचारलं होतं, की माणूस सत्तर किलोचा, मग एवढा ताण कशाला? ते म्हणाले, "गाडी थांबते गं, माणूस थांबत नाही." तेव्हापासून मी पट्टा लावल्याशिवाय कोणाच्या गाडीत बसलेली नाही. मात्र पोरगी दवाखान्यातून आली तेव्हा मी टाके सांभाळत मागं आडवी झालेले, आणि ती पुढं आईच्या मांडीवर. ते मला अजून खुपतं.

तर सीट आली आणि गल्ली गोळा झाली. शेजारच्या रंगुबाई काकूंनी ती दाबून बघितली. आईनं हळदीकुंकू लावलं, पोरीला तिच्यात बसवून ओवाळलं. तात्यांनी चष्मा लावून सगळीकडून बघितली आणि म्हणाले, "लय झकास खुर्ची हाय. सोप्यात ठेवू, आल्यागेल्याला दिसंल."

"सोप्यात न्हाई, गाडीत," मी म्हटलं. "उंब्रजला जाताना राजनंदिनी हिच्यातनं जाणार."

"आनि तुझी आई?"

"आई बसंल की शेजारी."

"मग मांडीवर काय घिऊन बसंल? पर्स?"

आईनं पट्टे उचलून बघितले. खांद्यावरून दोन, कमरेवरून दोन, मधून एक. "अगं बया! एवढ्याशा पोरीला पाच ठिकानी बांधायची? चोर हाय काय ती?"

तात्या हसले आणि ते हसणं माझ्या डोक्यात गेलं. मी म्हटलं, "तात्या, फौजेत दारूगोळ्याची पेटी गाडीत कशी न्यायचा?"

"लॅशिंग करून. रश्शीनं जाम बांधून. त्याबिगर गाडी हलत न्हाई. लोड सुटा ऱ्हायला तर ड्रायव्हरचं कोर्ट मार्शल."

"पेटी बांधता आणि पोर सुटं ठेवता व्हय?"

ते एकदम लाल झाले. "दीपे, जिभंला हाड न्हाई तुझ्या. चौदा वर्सं झाली, एका पोराला ओरखडा न्हाई माझ्या गाडीत. तांब्या बघितलास न्हवं? थेंब सांडत न्हाई थेंब!"

"ते तुमच्या पायाचं कौतुक झालं. समोरच्याच्या पायाचं काय? त्यानं मधेच ब्रेक मारला तर तुमचा तांब्या काय करणार?"

आता गप्प बसावं की नाही? पण मी कुठली बसतेय. म्हटलं, "सीट बसवणार नसाल तर सांगा. रविराज येतील न्यायला. त्यांच्या गाडीत आम्ही जाऊ."

तात्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते गोठ्याकडं निघून गेले. गोठ्यात त्यांचं काही काम नव्हतं. आमची म्हैस गाभण होती, दिवस भरत आलेले, आणि ती आईशिवाय कोणाला जवळ येऊ देत नाही.

आई मला चुलीपाशी घेऊन बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तू झालीस मिरजेला. ह्यांनी रजेचा अर्ज टाकलेला, मंजूर झाला न्हाई. दवाखान्यातनं तुला आनली ती लोकाच्या टेंपोतनं. मागं शेळ्या बांधल्याल्या. ह्यांनी तुझं तोंड बघितलं तवा तू सात म्हैन्याची हुतीस, आनि ह्यांस्नी बघून भोकाड पसारलंस. आपली लेक घरला आनायची ऱ्हायली म्हनून लोकाची पोरं आनत बसल्यात ते. आनि तू म्हंतीस दुसऱ्या गाडीतनं जाते."

एवढी वर्षं मला वाटायचं, तात्यांना हळू चालवायची आवड आहे म्हणून बाळंतिणी. मला रडू आलं, पण सीटचा हट्ट मी सोडला नाही. रडता रडता मी हेही सांगितलं की सीटशिवाय पोरगी जाणार नाही. आई म्हणाली, "बापाचीच हाईस."

दुसऱ्या दिवशी तात्या सकाळी किराणा दुकानात जाऊन आले. येताना हातात लाल भोपळा. "सहा किलो आठशे," त्यांनी जाहीर केलं. "मेजरचं वजान तेवढंच हाय. काट्यावर बघून आनलाय. आज दुपारी कॅनॉलच्या रस्त्याला ट्रायल. तुझी आई मांडीवर धरंल. म्या चाळीसला ब्रेक मारनार. भोपळा मांडीवर ऱ्हायला तर तुझी सीट सोप्यात. खाली पडला तर गाडीत. बोल."

"मंजूर," मी म्हटलं.

फौजी माणसाचं सगळं रीतसर. भोपळ्याला दुपटं गुंडाळलं. वर टोपडंही पाहिजे म्हणाले. राजनंदिनीचं टोपडं द्यायला आईनं साफ नकार दिला, असला चावटपणा चालणार नाही म्हणाली, तेव्हा ट्रंकेतून माझंच जुनं पिवळं टोपडं निघालं. ते भोपळ्याला बांधलं. पोरीला रंगुबाई काकूंकडं दिलं. आई पुढं बसली, तिला मी बळंच पट्टा लावायला लावला. मी मागं, पट्टा लावून. तांब्या कड्यात.

"कवा मारनार ते सांगा," आई म्हणाली.

"त्या म्होरल्या लिंबाच्या झाडापाशी. घट धर."

"धरती की. चार पोरं खेळवल्यात मी भावाची. भोपळा सुटतोय व्हय माझ्या हातनं?"

रस्ता मोकळा. दोन्ही बाजूला ऊस. काटा चाळीसवर आला. लिंबाचं झाड अजून बरंच लांब होतं, म्हणून आई निवांत होती, रंगुबाईंच्या सुनेचं काहीतरी सांगत होती. आणि डावीकडच्या उसातून एक रेडकू, म्हशीचं पिल्लू, उडी मारून सरळ रस्त्यावर आलं.

तात्यांनी ब्रेक मारला. झाडापाशी मारणार होते तो नव्हे, खराखुरा. माझ्या छातीवर पट्टा आवळला. पुढं काहीतरी धाडकन आपटलं, आणि पाण्याचा सपकारा काचेवर बसला. गाडी थांबली. रेडकू आमच्याकडं बघत उभं राहिलं, मग शेपूट उडवत पलीकडच्या उसात गेलं.

आईचे दोन्ही हात तसेच होते, पुढं गोल केलेले, कवेत धरल्यासारखे. मांडी रिकामी. भोपळा डॅशबोर्डला आपटून तिच्या पायात पडलेला, मधोमध उकललेला, बिया बाहेर. पिवळं टोपडं त्याच्या अर्ध्या तुकड्याला तसंच बांधलेलं.

मला वाटलं होतं, भोपळा पडला की मी म्हणेन, "बघितलं?" पण मी त्या टोपड्याकडंच बघत राहिले. आईनं खाली वाकून आधी टोपडं सोडवलं. ते पाण्यानं भिजलेलं होतं, तिनं पदरानं पुसलं. "म्या धरला हुता," ती म्हणाली. "दीपे, आईशप्पत, म्या धरला हुता गं."

तात्यांनी गाडी बंद केली. ते म्हणाले, "झाडाच्या आधीच आलं की गं ते." मग कड्यातला रिकामा तांब्या काढून त्यांनी पायाशी ठेवला. तो परत कड्यात कधी बसला नाही. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "तांब्या म्या कसा चालवतो तेवढंच सांगतोय. रेडकू कसं चालवतंय ते न्हाई सांगत." हे माझंच वाक्य होतं, पण मी तसं म्हटलं नाही. मलाही कधीकधी गप्प बसता येतं.

भोपळा वाया घालवायची रीत आमच्याकडं नाही. तीन दिवस घरात भोपळ्याची भाजी, भोपळ्याचे घारगे आणि रंगुबाई काकूंकडं वाटीभर भरीत गेलं. तात्यांनी एकदाही घास घेतला नाही. पोट बरं नाही म्हणाले.

त्या तीन दिवसांत त्यांनी सीटबरोबर आलेलं पुस्तक पाठ केलं. इंग्रजी कळायचं नाही तिथं मला हाक मारायचे. सीट मधल्या रांगेत बसवली. गुडघा आत रोवून पट्टा ओढला, मग दोन्ही हातांनी हलवून बघितली. बोटभरसुद्धा हलता कामा नये. ज्वारीची पिशवी आत बसवून पट्टे लावून बघितले. खांद्यावरचा पट्टा आणि पिशवी यांच्यामध्ये एक बोट जाईल, दोन जाणार नाहीत, एवढाच घट्ट. मी म्हटलं, "पोरीला जाड स्वेटर घालून बसवायचं न्हाई. आत हवा ऱ्हाते, पट्टा ढिला पडतो. आधी पट्टा, मग वरनं दुपटं." त्यांनी ते पाटीवर लिहिल्यासारखं पुस्तकाच्या मागं मराठीत लिहून घेतलं. बाप शिकत असताना फार गोड दिसतो, हे मला पहिल्यांदाच कळलं.

पण अजून एक घोळ बाकी होता. लहान बाळाची सीट उलटी बसवतात. बाळाची पाठ ड्रायव्हरकडं, तोंड मागच्या काचेकडं. तात्यांना ते पटकन पटलं. ट्रकमध्ये पेट्या पुढच्या फळीला टेकवून लावतात, म्हणजे ब्रेक लागला तरी त्या पुढं पळत नाहीत. "हितं सीटची पाठ म्हंजे फळी," ते म्हणाले. "मेजरची मान कवळी हाय. फळीला टेकून ऱ्हायली तर सगळा जोर पाठीवर येतोय, मानंवर न्हाई." मी तर थक्क झाले. मला एवढं सोपं करून सांगता आलं नसतं.

पण आईनं सीट उलटी बघितली आणि तिचा पारा चढला.

"पाठमोरी? पाठमोरी बसवून न्यायची पोरगी? बांधली ते बांधली, भोपळा बघितला, गप बसले. आता उलटं बसवून? अवो, गावातनं धिंड काढत्यात तवा गाढवावर उलटं बसवत्यात मानसाला! पयल्यांदा बापाच्या घरला निघाली ती, आनि तोंड मागं करून? लोक काय म्हन्तील?"

रंगुबाई काकू दारातूनच म्हणाल्या, "व्हय बाई, इपरीतच दिसतंय."

मी मान, मणका, सगळं सांगून बघितलं. फळीचंही सांगितलं. आई ऐकेना. "तुझी मान तुझ्यापाशी ठेव," म्हणाली. "मेलं तरी मी पोरगी पाठमोरी जाऊ द्यायची न्हाई." आणि आई असं म्हणाली की आमच्या घरात ते शेवटचं असतं. तात्यांचंही तिच्यापुढं काही चालत नाही. उद्या निघायचं, आणि गाडी परत अडली. मला तर असा राग आला होता की रविराजला फोन लावायला मी मोबाइल हातात घेतला.

तात्या ओट्याच्या पायरीवर बसले होते. ते म्हणाले, "दीपीचे आई, हिकडं ये. एक सांग. म्या रजा संपवून परत जायचो तवा वडापच्या जीपला कुठं बसायचो?"

वडाप म्हणजे आमच्याकडची शेअरिंगची जीप. माणसं कोंबून भरलेली.

"कुठं म्हंजे?" आई म्हणाली. "मागं. फळीवर. पाय भाईर सोडून."

"तोंड कुनीकडं?"

"मागं."

"का बसायचो?"

"जागा मिळायची न्हाई म्हनून. बिरदेवची जीप कायम फुल्ल असायची. मला लय वाईट वाटायचं. फौजेतला मानूस, आनि असा लोंबकळत निघालाय."

तात्या हसले. "बिरदेव माझ्या वर्गातला. म्या जायचं म्हटलं की म्होरली सीट राखून ठेवायचा. पंधरा वर्सं ठेवली. म्या एकदा बी बसलो न्हाई."

आई त्यांच्या शेजारी पायरीवर टेकली.

"म्होरं बसलो असतो तर तू दिसली नसतीस. हिला कडंवर घिऊन मारुतीच्या देवळापतूर चालत यायचीस. मागं तोंड करून बसलं की वळनापतूर दोघी दिसायच्या. वळान आलं की मग म्या आत सरकायचो. जानाऱ्यानं मागं तोंड करून बसावं. मागं ऱ्हायलेलं मानूस दिसतंय. त्यात कसली आलीय धिंड?"

फळीवर पाय सोडून बसणं किती धोक्याचं, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी ते गिळलं आणि मोबाइल खाली ठेवला.

आई उठली. तोंडाला पदर लावून आत गेली. आतून भांड्यांचा बराच आवाज झाला. मग तिथूनच म्हणाली, "तीस वर्सं झाली. सांगायला काय झालं हुतं हो तुमास्नी?" आणि थोड्या वेळानं, "सीट ऱ्हाऊ द्या तशीच."

त्याच रात्री म्हैस व्याली. आईचं उंब्रजला येणं रद्द झालं, कारण ती म्हैस दुसऱ्याला कासेला हात लावू देत नाही. आईला मनातून फार वाईट वाटलं असणार, पण ती पहाटे उठून खरवसाचा डबा भरत होती आणि वरवर म्हशीलाच शिव्या घालत होती.

सकाळी तात्या इस्त्रीच्या शर्टात. मागच्या रांगेची सीट त्यांनी पाडून ठेवली होती. सगळं सामान, पाळणा, लाडवाचे डबे, बाळंतविडा, खाली पसरून दोरीनं जाम बांधलेलं. मी म्हटलं, एकावर एक रचा की, जागा होईल. ते म्हणाले, "मागल्या काचंच्या कडंच्या वर काय आलं न्हाई पायजे." तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. सुट्या डब्यांची भीती वाटत असेल, असं मी धरून चालले.

त्यांनी राजनंदिनीला सीटमध्ये ठेवली. पाच पट्टे. एक बोट घालून बघितलं, मग मला घालून बघायला लावलं. "लोड चेक?"

"चेक," मी म्हटलं.

त्यांनी मेजरला सॅल्यूट ठोकला. ती त्यांच्याकडं बघून हसली. आजवर पहिल्यांदा. त्यांनी पटकन तोंड फिरवलं आणि टायरला लाथ मारून हवा बघितली.

आई दारात उभी होती, ओवाळणीचं ताट घेऊन. तात्या खिडकीतून ओरडले, "तितं काय हुबी ऱ्हायलीस? तितनं तिला दिसनार न्हाई. मागं ये. काचंपाशी."

आई ताट रंगुबाई काकूंच्या हातात देऊन रस्त्यावर आली आणि गाडीच्या मागं उभी राहिली. मागची सगळी काच मोकळी. पोरगी सीटमध्ये मागं तोंड करून, आणि काचेत आई.

तात्यांनी गाडी सोडली. चाळीस कसले, माणसाच्या चालीनं. आई मागनं चालायला लागली. एक हात वर. कडेवर कोणी नव्हतं, तरी दुसरा हात तिनं कमरेला तसाच वाकवून धरला होता. पोरगी पाय झाडत होती, हूं हूं करत होती, तिला आजी दिसत होती का नुसता काचेतला उजेड, ते तिलाच ठाऊक. मारुतीचं देऊळ आलं. वळणापाशी तात्यांनी गाडी थांबवली. मागं एक ट्रॅक्टर येऊन उभा राहिला, त्यानं हॉर्न वाजवला. तात्या ढिम्म.

मला राहवेना. लग्नात सासरी निघताना मी मागं वळून बघितलं नव्हतं, रडायला येईल म्हणून मान खाली घालून बसले होते. आता मी पट्टा काढला आणि सीटवर गुडघा टेकून मागं वळायला लागले.

"दीपे!" तात्या आरशातून ओरडले. "पट्टा लाव आधी!"

"तात्या, आई..."

"ठाव हाय. म्या बघतोय आरशातनं." त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, तसे ते कधी पुसत नाहीत, आणि गाडी गिअरमध्ये टाकली. "तू नीट म्होरं तोंड करून बस. मागं बघायची ड्यूटी आज मेजरची हाय."